उत्तरेस भागूबाई

१२ ऑगस्ट, मंगळवार

"ताई, चतुःसीमा सांगा," अमृत इंजिनियर म्हणाला.

चतुःसीमा म्हणजे आपल्या जागेच्या चारी अंगांना कोण कोण आहे ते. सांगितलं. पूर्वेस बंगला, मालक मुंबईला. पश्चिमेस बंगला, मालक डॉक्टर, पुण्याला. दक्षिणेस रस्ता. उत्तरेस भागूबाई.

"भागूबाई काय? आडनाव?"

मला येईना. चार वर्षं त्या बाईचं वाळत घातलेलं धुणं मी रोज बघते, आणि आडनाव माहीत नाही. अमृत म्हणाला, "असू दे, नंतर भरू. होऊन जाईल." पोरगा चांगला आहे, फक्त दर दोन वाक्यांनी 'होऊन जाईल' म्हणतो. मला त्या शब्दाची धास्तीच आहे. न होणाऱ्या गोष्टींनाच लोक होऊन जाईल म्हणतात.

वही नवी आहे तर एकदाच नीट लिहून ठेवते. मी सविता. वय एकोणपन्नास. लग्न केलं नाही, आणि का ते कुणी विचारलेलं खपत नाही. देहूरोडला ठेकेदाराकडे मिलिटरीचे तंबू शिवत आयुष्य गेलं. ठेका संपला तशी वलवणला आले, वडिलांनी घेऊन ठेवलेल्या या दोन खोल्यांत. आता पवनेच्या काठावरच्या कॅम्पवाल्यांचे तंबू दुरुस्त करते. पुण्यामुंबईची पोरं येतात, शेकोटीच्या ठिणग्यांनी तंबूला भोकं पाडून जातात, आणि माझी चूल पेटते.

गौरव नावाचा एक कॅम्पवाला आहे. त्याने शब्द दिलाय, मोठे तंबू पसरता येतील एवढी शेड आणि थ्री-फेज मीटर असेल तर वर्षभराचं सगळं काम माझं. नाहीतर तो भोसरीला देणार. मीटर शेडशिवाय नाही, शेड परवानगीशिवाय नाही. एकाला एक डबे जोडलेली गाडी आहे. इंजिनच घसरलं तर मला धाकट्या भावाकडे, कैलासकडे, देहूरोडला जाऊन राहावं लागेल. त्याला तेच हवंय. मला नको.

शेड उत्तरेकडच्या अंगणात घ्यायची ठरलीय. दुसरीकडे एवढी लांबी मिळतच नाही. आणि राहत्या जागेत कारखाना म्हटल्यावर शेजाऱ्यांची ना-हरकत लागते. कारखाना! दोन मशीन आणि मी.

१४ ऑगस्ट, गुरुवार

भागूबाईकडे गेले. आजवर बांधावरून "पाऊस लय हाय" आणि "हो ना" एवढंच आमचं बोलणं. आडनाव वाळुंज. नवरा महिपती, त्यानेच माझ्या वडिलांना ही जागा विकली होती. तो गेला. मुलगा चाकणला कंपनीत, बिऱ्हाड तिकडेच. आता ती आणि एक गाय.

चहा दिला. मला कप बघायची खोड आहे. आमच्या घरात सगळ्यांनाच आहे, आणि ती उगाच लागलेली नाही. पण कप तिच्या हातातल्यासारखाच होता. उलट कान तुटलेला तिने स्वतःकडे घेतला होता. बरं.

कागद पुढे केला. शेड कुठे, केवढी, आवाज किती, सगळं सांगितलं. ती दाराशी जाऊन माझ्या अंगणाकडे बघत उभी राहिली. बराच वेळ.

"हितंच व्हनार का? पार तितपातूर?"

"हो मावशी. त्या जांभळीपर्यंत."

"आस्सं." मग म्हणाली, "माजी काय हरकत आसनार बाई? हरकत न्हाई."

"मग सही करता?"

"आज नगं. धारंची येळ झाली. उंद्या ये."

घरी येऊन अमृतला फोन केला, भागूबाईची हरकत नाही. तो म्हणाला, मग काय, होऊन जाईल.

२३ ऑगस्ट, शनिवार

दोन्ही बंगल्यांच्या ना-हरकती कुरिअरने आल्या, सही-शिक्क्यासकट. डॉक्टरांना मी जन्मात पाहिलेलं नाही. पूर्वेच्या बाईंनी फोनवर गोड आवाजात विचारलं, "तुम्ही नक्की कुठल्या बाजूला राहता हो?" ज्यांना मी कोण हे ठाऊक नाही त्यांनी घटकेत सही केली. आणि हाकेच्या अंतरावरची बाई नऊ दिवस 'उंद्या' करतेय.

चार वेळा जाऊन आले. एकदा हात शेणाचे. एकदा मंगळवार. एकदा म्हणे पाऊस आहे, कागद भिजेल. घरात, पत्र्याखाली! एकदा काही कारण सांगितलंच नाही, भाजलेली मक्याची कणसं पुढे ठेवली आणि धरणाला पाणी किती आलंय ते सांगत बसली. खाल्ली मी. काय करणार, नाही म्हणायला नको म्हणून.

पूर्वेच्या बंगल्यात पाहुणे आलेत. गाणी लागलीत, भिंती हलतायत.

२६ ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवस अंगात ताप होता. कुणाला कळवण्यासारखं काही नव्हतं. पॅरासिटामॉल घेतली, पडून राहिले.

आज उठून बाहेर आले तर भागूबाई बांधावर उभी, हातात झाकण घातलेलं पातेलं. "हुलग्याचं माडगं हाय. गरम गरम पी. परवापासनं काय शिजवलं न्हाईस."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? आसंच."

आसंच म्हणे. म्हातारीचं लक्ष आहे माझ्यावर. मी कधी उठते, कधी मशीन लावते, सगळं टिपत असणार. उद्या नगरपरिषदेत जाऊन सांगेल, ही बाई परवानगी नसताना दिवसरात मशीन चालवते. माडगं मात्र चांगलं होतं. अंगात ऊब आली.

११ सप्टेंबर, गुरुवार

"पितरपाट हाय," भागूबाई म्हणाली. "पितरपाटात नव्या कामाला हात लावत न्हाईत."

मी म्हटलं, "मावशी, काम माझं आहे. मी पितृपक्ष पाळत नाही."

"तू नगं पाळू. सही तर माजी हाय न्हवं?"

कपाळ माझं! गौरवचा फोन आला होता. दिवाळीनंतर सीझन लागेल, त्याच्या आत कळवा म्हणतो. अमृत म्हणतो, नगरपरिषदेच्या निवडणुकीचं वारं आहे, एकदा आचारसंहिता लागली की कोण कधी सही करेल सांगता येत नाही. तोंडी होकार आहे ना, मग आपण अर्ज देऊन टाकू, सही स्थळपाहणीच्या दिवशी घेऊ. दिला अर्ज.

जाताना भागूबाईने फाटकी गोधडी हातात दिली. "तुज्या मिशनवर चार टाकं घाल." घातले. चारच कशाला, कडेनी सगळी पट्टी मारून दिली, जुन्या तंबूच्या कापडाची. सहीसाठी लाच म्हणू आपण.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज भांडून आले. पितृपक्ष संपला, आता म्हणे घरात घट बसलेत. मी म्हटलं, "मावशी, सरळ सांगा ना. जमिनीचा पस्तावा होतोय का? महिपती आबांनी आम्हाला जागा विकली, आमच्या लोकांना, ते अजून सलतंय का?"

तिने भिंतीशी उभा केलेला पाट पुढे ओढला. मग म्हणाली, "तुजा बाप सौदा झाल्यावर हितंच जेवला व्हता. ह्याच पाटावर. तुला ठाव न्हाई तर बोलू नये."

"मग अडलंय कुठं?"

"अडलंय कुटं? मी हरकत न्हाई म्हनले न्हवं का?"

चिडून उठले. घरी आल्यावर घड्याळ पाहिलं तर दोन तास गेले होते. भांडण दहा मिनिटांचं, मग बाकी वेळ काय केलं मी तिथे? तिच्या गाईला कसला तरी माशीचा त्रास आहे, ते आम्ही दोघी बघत होतो. मग शेंगा निवडल्या. फुकट वेळ गेला.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज दसरा, धम्मचक्र दिन. देहूरोडच्या विहारात गेले. पांढऱ्या साड्यांचा पूर. कैलास, वहिनी, मानसी, सगळे होते. मानसी माझी भाची, कॉलेजला आहे, फोनमधून मान काढून "आत्या, कशी आहेस" म्हणाली आणि मी सांगेपर्यंत मान परत फोनात.

कैलास म्हणाला, "ताई, पुरे झाला हट्ट. विकून टाक आणि ये. मानसीच्या खोलीत एक कॉट बसते."

एक कॉट बसते. मापं घेऊन ठेवलीत त्याने. वाईट नाही तो, खरंच नाही. त्याला वाटतं मी तिथे एकटी कुजते. मी म्हटलं, परवानगी येऊ दे, मग बघ.

१३ ऑक्टोबर, सोमवार

उद्या स्थळपाहणी. नगरपरिषदेचे साहेब स्वतः येणार. अंगण झाडून घेतलं, गौरवचे तंबू घड्या करून आत लावले. भागूबाईला सांगून आले, उद्या अकरा वाजता साहेब विचारतील तेव्हा जे मला म्हणालात तेच म्हणा. "बरं," म्हणाली. लगेच. मला हलकं वाटलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

साहेब आले, सभ्य माणूस. अमृतने नकाशा पसरला, टेप धरली, सगळं बरोबर निघालं. मग साहेब बांधापाशी गेले आणि पलीकडे उभ्या असलेल्या भागूबाईला म्हणाले, "आजी, इथे शेड होणार आहे. तुमची काही हरकत?"

"हाय की," भागूबाई म्हणाली.

मी ओरडले, "मावशी! तुम्ही मला काय म्हणाला होतात?"

"तुला म्हनले व्हते. तू दारात आलीस, चा पीत व्हतीस. दारात आलेल्या मानसाला कोन म्हनतंय हरकत हाय म्हनून? ह्ये सरकारी मानूस हायेत. ह्यांच्यापुढं खोटं कसं बोलू?"

चूक माझीच. पन्नाशीला आले तरी मला कळू नये? 'काही हरकत नाही' हे आपल्याकडे लोक कधी म्हणतात? पाहुणा खुर्चीवर चहा सांडतो तेव्हा म्हणतात.

साहेबांनी विचारलं, "कसली हरकत आहे आजी? आवाजाची?"

"आवाजाचं काय न्हाई. मिशन चालू आसलं का बरं वाटतं, मानूस हाय म्हनून."

"मग?"

"भितीची." तिने हात लांब केला, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. "ती खिडकी दिसायची बंद व्हईल. सायेब, तुमी चारी अंगांना बगा. समदी कुलपं. शनवारी येत्यात, गानी लावत्यात, रयवारी गाड्या काडून जात्यात. बाकीच्या दिसांत ह्यो येकच दिवा हाय हिकडं. हिनं लावला का मी भाकरी थापाया बसती. हिनं मालवला का मग मी दाराला कडी घालती. आता तितं चाळीस फूट पत्रा आला तर मी कुनाकडं बगू?"

अमृत खाली बघून हसला. साहेब हसले नाहीत. छत्री या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "आजी, उजेडाची हरकत घेता येते. पण ती आपल्या घरात येणाऱ्या उजेडाची. दुसऱ्याच्या घरातल्या उजेडाची नाही घेता येत." मग मला म्हणाले, "मॅडम, हे काही धरता येणार नाही. तुमची फाईल होईल."

म्हणजे जिंकले. मग आनंद का होत नाही?

१५ ऑक्टोबर, बुधवार

रात्रभर झोप नाही. चार वर्षं! चार वर्षं मी समजत होते की इथे मला बघणारं कुणी नाही. त्या खिडकीत मी काय काय केलंय. ओट्यापाशी उभ्यानेच पातेल्यातून भात खाल्लाय. भिंतीशी बोललेय. गौरवने पहिल्यांदा तंबू परत पाठवले त्या दिवशी हमसून रडलेय. परकराला ओला हात पुसत गाणी म्हटलीत, बेसूर. आणि पलीकडे ती बसून बघतेय, भाकरी थापत!

तंबूचं जाड कापड होतं, त्याचा पडदा शिवला आणि खिडकीला ठोकला. बघ म्हणावं आता.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

कैलासकडून परत आले. बोलावलं होतं म्हणून तीन दिवस गेले होते; बॅग घेऊन निघाले तेव्हा भागूबाई बांधावरून बघत होती. वहिनीने चांगलं केलं सगळं, नावं ठेवायला जागा नाही. पण काल संध्याकाळी मी हॉलमध्ये बसले होते, टीव्ही चालू होता, मानसी आली, दिवा घालवला आणि गेली. मी तिथे आहे हे तिला दिसलंच नाही. टीव्हीच्या उजेडात मी तशीच बसून राहिले. दहा मिनिटांनी वहिनी आली, म्हणाली, "अगं बाई, ताई, तुम्ही इथे?"

त्या तीन दिवसांत मी कुणाच्या अध्येमध्ये आले नाही. सगळे म्हणतात, ताईंचा काही त्रास नाही.

अमृतचा फोन, फाईल सहीला गेलीय. भागूबाई बांधावर दिसली. मी बोलले नाही, तीही बोलली नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

जुनं मोठं मशीन बघायला भोसरीला गेले होते. मशीन चांगलं आहे, शेड झाली की उचलायचं. येताना गाडी चुकली, पुढची उशिरा आली. स्टेशनवरून वलवणला पोचले तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. दोन्ही बंगले बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

फाटकापाशी कुणीतरी उभं. भागूबाई! एका हातात काठी, एका हातात बॅटरी, डोक्याला स्कार्फ.

"कुटं मेली व्हतीस?" अशी ओरडली की लांबवर कुत्री भुंकायला लागली. "कुटं व्हतीस आं? दिवा न्हाई, काय न्हाई!"

मी म्हटलं, "पडदा लावलाय मी. तुम्हाला दिवा दिसतोच कुठं?"

"कडंनं पिवळी रेघ दिसती. आज रेघबी न्हाई. दोनदा दार वाजवून गेले मी. म्हनलं पडली का काय आत, का इंचू चावला."

"मी काय कुकुलं बाळ आहे का मावशी? तुम्हाला काय करायचंय?"

तिने बॅटरी खाली केली. मग म्हणाली, "काय न्हाई करायचं. जेवून घे." आणि बॅटरी जमिनीवर मारत, एक एक पाऊल टाकत बांधाकडे गेली. गुडघे दुखतात तिचे. त्या बांधावरून दोनदा येऊन गेली होती.

भात लावला आणि तिथेच खाली बसले. आई गेल्यापासून मला 'कुठं होतीस' असं कुणी विचारलेलं नाही. कैलास विचारतो, कधी येतेस. गौरव विचारतो, कधी देता. अमृत विचारतो, आधार कार्ड कुठंय. मी कुठं होते हे कुणाला नको असतं. रडू आलं, खूप आलं, अगदी लहान पोरीसारखं. भात करपला. तोच खाल्ला.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पडदा काढला. कापड चांगलं आहे, कुठल्यातरी तंबूला ठिगळ होईल.

मग अमृतकडे गेले आणि म्हटलं, शेड फिरवायची. उत्तरेला नको, रस्त्याच्या बाजूला घ्या. तो खुर्चीतून उठलाच. "ताई, तिकडे निम्मी लांबीसुद्धा येत नाही! मोठा तंबू पसरणार कुठे? आणि साहेबांनी हरकत धरलीच नाहीये. फाईल सहीला आहे. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेताय."

"मारतेय. नवा नकाशा काढा."

"पण कारण काय?"

मी म्हटलं, हवा येत नाही उत्तरेकडून. तो वेड्यासारखा बघत राहिला.

गौरवला फोन केला. मोठे तंबू जमणार नाहीत, लहान देता का? तो म्हणाला, बघतो. आवाजावरूनच कळलं. मग कैलासचा फोन, अमृत त्याच्या ओळखीचा, त्याने सांगितलं असणार. "एका म्हातारीच्या पायी? ती आज आहे, उद्या नाही! तुला समाजसेवा करायचीय का?"

काय सांगू त्याला? समाजसेवा कसली आणि डोंबल कसलं. भागूबाईसाठी मी काही केलेलं नाही. मला कुणीतरी बघतं, आणि ते जायला नको, म्हणून केलं. एवढं बोलायला तोंड उघडत नाही. तो म्हणेल, मग ये ना इकडे, आम्ही आहोत की. आहेत. सगळे आहेत.

३ नोव्हेंबर, सोमवार

नवा नकाशा घेऊन भागूबाईकडे गेले. कागदावर बोट ठेवून दाखवलं, हे माझं घर, हे तुमचं, ही शेड आता इकडे, रस्त्याला.

"म्हंजी अंगान मोकळं ऱ्हानार?"

"राहणार."

"मग तुजं ते मोठं काम?"

"ते गेलं."

आभार नाहीत, अरेरे नाही. नाकावर चष्मा चढवला आणि म्हणाली, "दे. कुटं करायची सही?"

मला वाटलं होतं अंगठा देईल. तिने पेन घेतलं आणि अख्खं नाव लिहायला लागली, भागूबाई महिपती वाळुंज, एकेका अक्षरावर थांबून, जोडाक्षराला जीभ दाताखाली धरून. गोठ्यात गाय हंबरत होती. धारेची वेळ कधीच होऊन गेली होती. ती उठली नाही.

सही झाली. कागदाची घडी केली, पिशवीत ठेवला. आता मला तिथे जायला काही कामच उरलं नव्हतं, आणि पाय निघेना. दारापर्यंत आले तर मागून म्हणाली, "आजून येक गोधडं हाय. लय फाटलंय."

"आणा इकडे," मी म्हटलं, जरा जास्तच घाईने.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गौरवचं पोरगं लहान तंबू टाकून गेलं. मोठे भोसरीला गेले. त्याच्या टेम्पोत दिसले मला, निळे, दोरीने बांधलेले. पाच वर्षांपूर्वी असल्या तंबूचं छत मी एकटीने एका दिवसात उलगडून शिवलं असतं. दार लावून घेतलं आणि लहान तंबूंच्या चेन बदलत बसले. बारा चेन बदलल्या. पाठ धरली.

पस्तावा होतो का? होतो. सकाळी होतो. संध्याकाळी होत नाही.

कैलास रागावलाय, फोन नाही. वहिनीचा आला होता. म्हणाली, "ताई, तुम्हाला भीती नाही का वाटत हो तिकडे एकटीला?" मी म्हटलं, नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

परवानगी आली. शिक्का, सही, लाल शाईत नकाशा, सगळं. ऑफिसच्या पायरीवर कागद धरून उभी राहिले. लोक येत होते, जात होते. कुणाला सांगावं कळेना. कैलासला फोन केला. "बरं झालं," म्हणाला. मागे टीव्ही लागला होता. अमृत म्हणाला, "बघा, झालं की नाही होऊन?" त्याला म्हटलं, झालं बाबा.

येताना खारी घेतली आणि भागूबाईला कागद दाखवला. तिने दोन्ही बाजूंनी बघितला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. "आता तुला हितनं कोन उटवनार न्हाई न्हवं?" "नाही," मी म्हटलं. "मग झालं तर," म्हणाली, आणि खारी चहात बुडवली.

थंडी चांगलीच पडलीय. जेवण झालं, भांडी घासून झाली, उद्या सकाळी लवकर खडीचा टेम्पो येणार आहे. डोळे मिटतायत. पण भागूबाईला हल्ली काय झालंय कळत नाही. कधी आठाच्या पुढे तिचं दार उघडं राहायचं नाही. या आठवड्यात रोज उशीर. काल नऊ वाजले, आज तर त्याच्याही पुढे गेलं. दार सताड उघडं आणि ही आपली आत घोंगडं पांघरून बसलेली, काम नाही धंदा नाही. गुडघ्यांमुळे झोप येत नसेल. एवढ्या थंडीत दार टाकून बसायचं म्हणजे काय? उद्या चांगली बोलणार आहे तिला.

तिने कडी लावल्याशिवाय आपण दिवा मालवून निजायचं हे मला काही बरं वाटत नाही. तिचं दार लागलं की मालवते. अजून उघडंच आहे.